हृदयविकाराचे निदान आणि शरीरक्रियाशास्त्र : स्वागताध्यक्षांचे भाषण

सन्माननीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरील ज्येष्ठ चिकित्सक, सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या तालुक्या-तालुक्यांतून आपापले दवाखाने एक दिवस बंद ठेवून येथे हजर झालेले व्यवसायबंधू आणि भगिनी, आणि उद्या ज्यांच्या हाती आमचे रुग्ण सोपवायचे ते विद्यार्थीमित्र,

स्वागतसमितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मिरजेत मनःपूर्वक स्वागत करतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली येथे रुग्णालय उघडले आणि 1962 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून कृष्णेच्या दोन्ही तीरांवरचा आणि पार कर्नाटकाच्या हद्दीतला रुग्ण ज्या गावाची वाट धरीत आला, त्या गावी हृदयविकारावर परिषद भरावी हे उचितच आहे. या गावचे तंबोरे सर्वश्रुत आहेत. जवारी लावणारा कारागीर घोडी आणि तार यांच्यामधल्या सुताचा धागा केसभर सरकवून थांबतो व ऐकतो. हृदयाच्या ध्वनींकडे असाच कान देणारे वैद्य आपल्या दोन जिल्ह्यांत पुष्कळ होऊन गेले आणि आजही आहेत. परंतु कानाने टिपलेला ध्वनी कशामुळे उत्पन्न झाला, हे बुद्धीने उकलल्यावाचून त्याचे निदान होत नाही, आणि या परिषदेने शरीरक्रियाशास्त्राला जे अग्रस्थान दिले आहे, ते याच कारणासाठी.

आपला रुग्ण ‘धाप लागते’, ‘छातीत धडधडतं’, ‘रातच्याला उठून बसावं लागतं’ अशा शब्दांत आपली कैफियत मांडतो. आडवे होताच पाय व उदर यांतील रक्त छातीकडे अधिक वेगाने परतते, अशक्त डाव्या जवनिकेला ते पुढे लोटता येत नाही, फुप्फुसांतील दाब वाढतो आणि माणूस उठून बसतो, हा कार्यकारणभाव ज्याच्या मनात जागा आहे, तो ‘उशा किती घेता?’ हा प्रश्न विचारतो आणि उत्तर नोंदवून ठेवतो. ज्याच्या मनात तो नाही, तो खोकल्याचे औषध लिहून देतो.

लक्षणामागचे कारण शोधण्याच्या मार्गाचे थोर प्रवासी जेम्स मॅकेन्झी हे 1879 पासून 1907 पर्यंत इंग्लंडातील बर्न्ली या गिरण्यांच्या गावी साधी सर्वसामान्य वैद्यकी करीत होते. द्विदल झडप आकुंचित झालेली एक तरुण स्त्री प्रसूतीच्या वेळी त्यांच्या देखत हृदय थकून मरण पावली. तो मृत्यू त्यांना सोसला नाही, आणि मनगटाची नाडी व मानेच्या शिरेचे स्पंदन एकाच कागदावर उमटविणारे साधन हाती घेऊन त्यांनी त्याच त्या रुग्णांना वर्षानुवर्षे तपासले. नाडी कायमची अनियमित झाली की कर्णिकेच्या आकुंचनाची लाट मानेतून नाहीशी होते, हे त्यांनी अशा नोंदींतून दाखविले. या अनियमिततेचे पूर्ण स्पष्टीकरण टॉमस लुइस यांनी 1909 साली विद्युत्-हृदयालेखाने दिले. मूळ निरीक्षण मात्र गावातल्या डॉक्टरचे होते, हे आपण विसरता कामा नये.

तीच आकुंचित झडप घेऊन आजही आपल्याकडे ऊसतोडणीवरची किंवा जत-आटपाडीच्या माळावरची गर्भवती येते. बालपणीचा घसा दुखून आलेला संधिवाती ज्वर कोणी ओळखलेला नसतो, दर तीन आठवड्यांनी द्यावयाचे बेंझाथिन पेनिसिलिन तिला मिळालेले नसते, आणि गर्भारपणात रक्ताचे आकारमान जवळजवळ निम्म्याने वाढते तेव्हा हा जुना दोष प्रथम प्रकट होतो. नाडी मिनिटास 70 असता एका ठोक्यास सुमारे 0.85 सेकंद लागतो व त्यातला मोठा भाग प्रसरणाचा असतो. नाडी 120 झाली की साराच ठोका 0.5 सेकंदात उरकतो, आणि आकुंचनाचा काळ फारसा आटत नसल्यामुळे सारी काटकसर प्रसरणाच्याच वाट्याला येते. अरुंद झडपेतून रक्त उतरावयाचे ते याच अवधीत. तो घटला की डाव्या कर्णिकेत रक्त तुंबते आणि फुप्फुसात पाणी भरते. म्हणून अशा स्त्रीला लघवी वाढविणाऱ्या औषधाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, विश्रांतीची, ज्वर व पांडुरोग हटविण्याची आणि मेटोप्रोलॉलसारख्या औषधाने नाडी मंदावण्याची निकड असते. हे गणित ज्याला उमगले, त्याच्या हातून अर्ध्या रात्रीही चूक होणार नाही, असे मला वाटते.

आणि दूर इंग्लंडापर्यंत तरी कशाला जावे? महाबळेश्वराखालचा घाट उतरला की पोलादपूर, आणि पुढे महाड. तेथील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकर यांच्यासमोर लाल विंचवाने दंश केलेली मुले फुप्फुसात पाणी होऊन दगावत होती. हातपाय गार, घामाने भिजलेले शरीर, चढलेला रक्तदाब आणि थकत चाललेले हृदय या लक्षणांची त्यांनी उशाशी बसून संगती लावली: विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनवर्गीय द्रव्यांचा पूर लोटतो, रोहिण्या आवळतात, आणि त्या अडथळ्याविरुद्ध हृदयाला रक्त लोटता येत नाही. 1982 साली ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणे छापली, मग आवळलेल्या रोहिण्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध त्यांनी या कामी योजले, आणि पूर्वी गंभीर रुग्णांत शेकडा तीसच्या घरात असलेला मृत्यू क्वचित घडणारी गोष्ट झाला. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते, मराठी मुलखात उपयोजित शरीरक्रियाशास्त्राचा याहून तेजस्वी दाखला नाही.

एका शिरस्त्याविषयी मात्र सावध करणे माझे कर्तव्य आहे. छातीत कळ आली की जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवावयाची, हा आपल्याकडे जणू हुकूमच झाला आहे. परंतु हृदयाच्या खालच्या भागाच्या झटक्यात उजवी जवनिका सापडली असेल, तर तिचे सारे काम शिरांतून परतणाऱ्या रक्ताच्या भरण्यावर चालते; शिरा सैल करणारी ती गोळी तो भरणाच काढून घेते आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून आधी रक्तदाब मोजावा, मानेच्या शिरा पाहाव्यात, छातीच्या उजव्या बाजूचाही आलेख काढावा. फुप्फुसे कोरडी असूनही रक्तदाब खाली असेल, तर त्या रुग्णाला शिरेतून मोजके सलाईन तारून नेते.

निवासाचा व भोजनाचा बंदोबस्त आमच्या तरुण सहकाऱ्यांनी आपुलकीने केला आहे. त्यात काही न्यून राहिले तर त्याची जबाबदारी माझी. आपणाजवळ माझे मागणे एवढेच, की प्रत्येकाने आपल्या दप्तरातील एक तरी रुग्ण, त्याची नाडी, रक्तदाब, मानेची शीर आणि आपला तर्क यांसह, येथे सभेपुढे मांडावा, आणि ज्येष्ठांनी विद्यार्थ्यांना औषधाचे नाव सांगण्यापूर्वी ते का द्यावयाचे हे विचारावे. अध्यक्षमहाशयांनी परिषदेच्या कामकाजास आता प्रारंभ करावा, अशी त्यांना सादर विनंती आहे.