कोयत्यातली अर्धी मजुरी कोणाची?

(मुरगूड येथे रविवारच्या उपासनेनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वेदगंगेच्या काठी ऊसतोड सुरू झाली की शिवारात कोपी उभ्या राहतात. बीडकडची माणसे येतात, तशी काही ठिकाणी नंदुरबारकडची आदिवासी कुटुंबेही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतो नवरा. अंगठा त्याचा, हिशेबही त्याचा. बाई पहाटेपासून राबते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते, पण तिच्या हातात काही पडत नाही. रात्री त्याने मारले तर तिने जायचे कुठे? निघून गेली तर उचल अंगावर, आणि अर्धा कोयता मोडला म्हणून ओरड. मुकादम म्हणतो, "हंगाम काढ, मग बघू."

घरातली मारहाण हा त्यांचा खासगी मामला, असे कामावर ठेवणारे म्हणतात. मीही तसाच वागलो आहे. काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहाचे स्वयंपाकघर माझ्याकडे होते. तिथली एक बहीण सुजलेला हात घेऊन आली. तिला भाकरी थापता येईना. मी प्रार्थना करून तिला घरी पाठवले आणि महिनाअखेरीस दोन दिवसांचा खाडा कापला. नवरा पगार न्यायला आला, तो त्याच्याच हातात दिला. ती पुन्हा कामावर आली नाही. धर्मशिक्षणाची पदविका माझ्याजवळ होती, पण रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय मी शेतमालकाच्या बाजूने कधी वाचलाच नव्हता.

रूथला नवरा मारत नव्हता; ती विधवा होती, परक्या देशाची होती. पण बवाजाने काय केले ते पाहा. आपल्या गड्यांना बजावले की तिला त्रास द्यायचा नाही. तहान लागली तर कुठे प्यायचे ते सांगितले, आपल्या कामकरणींबरोबर राहायला सांगितले. आपल्या शेतात कोणावर हात उचलला जातो, हे पाहणे त्याने आपलेच काम मानले.

आता कायद्याचे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात मालकावर थेट बोजा टाकलेला नाही, हे खरे. पण कलम 18 खाली दंडाधिकारी त्या माणसाला बाईच्या कामाच्या जागी पाऊल ठेवायला मनाई करू शकतात. असा आदेश असेल तर फाटकावरच्या माणसाला तो ठाऊक हवा, नाहीतर कागद तिच्या पिशवीतच राहतो. कलम 4 प्रमाणे कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर दावा किंवा खटला होत नाही. "मी कशाला अडकू?" या प्रश्नाचे उत्तर कायद्यानेच दिले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 मध्ये केलेल्या 190 क्रमांकाच्या करारात घरच्या हिंसेचा कामावरचा परिणामही धरला आहे. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

आपल्यापैकी कोणाकडे शेतमजूर आहेत, कोणाकडे धुण्याभांड्याला बाई येते. तिची मजुरी तिच्याच हातात द्या. कोर्टाची किंवा दवाखान्याची तारीख असेल तर खाडा धरू नका. नवरा विचारायला आला तर ती कुठे आहे हे सांगू नका. आणि कृपा करून, तिला न विचारता त्याला दम द्यायला जाऊ नका. तुम्ही घरी परतता, रात्र तिला काढायची असते. तिची तयारी असेल तर 181 वर फोन लावून द्या. जीवावर बेतले असेल तर 112. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे हे दोन्ही आकडे आता खडूने लिहिलेले आहेत.

उचलीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. गेल्या हंगामात एका मुकादमाला मी म्हणालो, निम्मी उचल बायकोच्या नावावर लिहा. तो हसला. "भाऊ, मग तिचा नवरा माझ्याकडं येईल का? शेजारच्या टोळीत जाईल." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. एकट्या मुकादमाने हे होणार नाही. ऊस ज्यांचा तोडला जातो त्या शेतकऱ्यांनीही बोलावे लागेल, आणि तसे शेतकरी या मंडळीत बसलेले आहेत. यंदा उचल वाटण्याआधी मी पुन्हा त्याच्याकडे जाणार आहे. ज्यांना सोबत यायचे आहे त्यांनी चहानंतर थांबावे.