रुग्णाच्या डोक्याशी उभी असलेली परिचारिका



परिचारिकांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान मी शस्त्रक्रियागृहात उभे आयुष्य काढलेल्या परिचारिकांच्या वतीने स्वीकारते.

मराठी माणसांचे हे संमेलन चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये भरते आहे, याचा मला विशेष आनंद आहे. जवळच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात 16 नोव्हेंबर 1664 रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या आजारी शिपायांसाठी एक रुग्णालय उघडले. ते 1772 मध्ये सध्याच्या जागी आले आणि आज राजीव गांधी शासकीय रुग्णालय म्हणून सेंट्रल स्टेशनसमोर उभे आहे. त्याच्याशी जोडलेली वैद्यकीय शाळा 2 फेब्रुवारी 1835 ला सुरू झाली, तेव्हा फौजेच्या दवाखान्यांना अपॉथेकरी आणि ड्रेसर पुरवणे हा तिचा हेतू होता. 1871 मध्ये याच रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. 1875 मध्ये मेरी शार्लीब यांच्यासह चार स्त्रियांना त्याच शाळेतून वाढलेल्या मद्रास मेडिकल कॉलेजने प्रवेश दिला. उत्तरेला, दुष्काळात कांजी वाटणाऱ्या मणियकार छत्रातून वाढलेले स्टॅन्ली रुग्णालय आहे. सरकारला आणि फौजेला माणसे कमी पडली की या परिसरात नवे शिक्षण सुरू झाले आणि नवी पदे निर्माण झाली. आज तशाच एका पदाची मागणी मी करणार आहे.

भूल देण्याच्या कामात प्रशिक्षित परिचारिकेला शासकीय आणि गणवेशधारी आरोग्यसेवेत स्वतंत्र पद, शिक्षण, नोंदणी आणि बढतीची वाट मिळाली पाहिजे. ती भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच काम करील. पण तिचे काम कागदावर आले पाहिजे.

आज काय होते ते इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. ग्रामीण रुग्णालयात रात्री सिझेरियन निघते. भूल देणारे डॉक्टर स्पायनल देतात. त्याआधी शिरेत सलाईन चालू करणे, सक्शन चालते का पाहणे, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे याची खात्री करणे, लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघणे, दोन मापांच्या नळ्या काढून ठेवणे, रक्तदाब वाढवणारे मेफेन्टरमिन सिरिंजमध्ये भरून त्यावर नाव लिहिणे, हे सगळे सिस्टर करते. आडवे निजवल्यावर बाईच्या उजव्या कुशीखाली ती कापडाची घडी सारते, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडत नाही. मग डोक्याशी उभी राहते. बाई म्हणते, "सिस्टर, मळमळतंय." मॉनिटरवर आकडा यायच्या आधीच सिस्टरला कळते की रक्तदाब उतरतो आहे. शस्त्रक्रियेच्या नोंदवहीत शल्यविशारदाचे नाव असते, भूल देणाऱ्याचे असते, आणि तिची "सहायक" म्हणून सही असते.

हे कसब यायला वर्षे लागतात. मग बदलीचा आदेश येतो आणि तिला नेत्रकक्षात किंवा बाह्यरुग्ण विभागात पाठवतात. तिच्या जागी येणारीने कदाचित भूल देण्याचे बॉईल यंत्र कधी हाताळलेलेही नसते. दोष तिचा नाही आणि बदली करणाऱ्या लिपिकाचाही नाही. त्याच्या यादीत दोघीही "अधिपरिचारिका" आहेत. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका या शिडीवर चढायचे तर शस्त्रक्रियागृह सोडून कार्यालयात बसावे लागते. हातातली विद्या राखून वर चढण्याची सोय आपण ठेवलेलीच नाही, आणि मला सर्वांत जास्त दुःख याचेच आहे.

परिचारिकेने भूल देणे ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत 1870 च्या दशकापासून परिचारिका हे काम करत आल्या. मेयो बंधूंच्या रुग्णालयात ॲलिस मॅगॉ यांनी हजारो रुग्णांना ईथर-क्लोरोफॉर्म दिले आणि आपले अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत छापले. 1931 मध्ये तिथल्या भूल-परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज त्या सैन्यात, नौदलात, हवाईदलात अधिकारी म्हणून, तसेच माजी सैनिकांच्या रुग्णालयांत आणि तिथल्या आदिवासींच्या आरोग्यसेवेत काम करतात, आणि सैन्य त्यांना स्वतःच्या खर्चाने शिकवते. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फ्रान्स इथेही भूल-परिचारिका हे प्रतिष्ठेचे पद आहे. ब्रिटनने मात्र भूल डॉक्टरांकडेच ठेवली. आपण तोच वारसा घेतला, आणि तो टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही.

आपल्याकडचे एक नाव मात्र या सभेत घेतलेच पाहिजे: डॉ. रूपाबाई फर्दुनजी. त्यांच्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या हाताखाली त्या क्लोरोफॉर्म देत. क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित आहे हे तपासणाऱ्या 1888 आणि 1889 च्या आयोगांचा तो काळ. रुग्णाच्या श्वासावर नजर ठेवा, हा लॉरी यांचा आग्रह होता. रूपाबाईंची गणना जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत होते. त्या डॉक्टर होत्या, परिचारिका नव्हेत. पण टेबलाच्या त्या टोकाला स्त्रीला उभे करण्याचे धैर्य या देशाने इतक्या आधी दाखवले होते, हे विसरू नये.

आता डॉक्टर मंडळींच्या हरकतीकडे येते. ती मी मनापासून ऐकली आहे. खेड्यातल्या गरिबाला कमी शिकलेल्या हातांनी भूल द्यायची आणि शहरातल्याला तज्ज्ञाने, हा अन्याय होईल, असे ते म्हणतात. बरोबर आहे. पण त्यावरचा उपाय सरकारने आधीच मान्य केला आहे. ग्रामीण आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरांना 18 आठवड्यांचे जीवरक्षक भूल प्रशिक्षण देण्यात आले, कारण तालुक्याला भूलतज्ज्ञ मिळत नव्हता. हे डॉक्टर पुढे पदव्युत्तर शिक्षणाला जातात, बदलून जातात, आणि प्रशिक्षण त्यांच्याबरोबर निघून जाते. सिस्टर तिथेच राहते. मग तिला का शिकवू नये? तिने एकटीने भूल द्यावी असे मी म्हणत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरच्या शेजारी शिकलेले, नोंदणीकृत, जबाबदार दुसरे माणूस असावे, एवढेच म्हणते. धुळे-नंदुरबारच्या दुर्गम भागातून शंभर किलोमीटरवर रेफर केलेल्या बाळंतिणीच्या बाजूनेही सुरक्षिततेचा विचार झाला पाहिजे.

कायद्याची जमीनही तयार होते आहे. 2021 च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांत भूल सहायक आणि तंत्रज्ञांना स्थान दिले. त्या बांधवांचे मी स्वागत करते. 2023 च्या कायद्याने परिचर्येसाठी नवा राष्ट्रीय आयोग ठरवला. अतिदक्षता आणि प्रसूती या दोन क्षेत्रांत प्रगत परिचारिकेचे अभ्यासक्रम आपल्याकडे मान्य झाले आहेत. तिसरे क्षेत्र भूलशास्त्र असावे.

आणि त्याची सुरुवात गणवेशातल्या सेवेने करावी, असे माझे ठाम मत आहे. 1888 मध्ये दहा ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या आणि लष्करी परिचर्येची परंपरा सुरू झाली. 1943 च्या अध्यादेशाने या सेवेतल्या स्त्रियांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. 1976 मध्ये याच सेवेतल्या गर्ट्रूड ॲलिस राम मेजर जनरल झाल्या. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) आणि मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात मुली शिकतात आणि लेफ्टनंट म्हणून बाहेर पडतात. हुद्दा आहे, शिस्त आहे, लेखी आदेशांची साखळी आहे, देखरेख करायला भूलतज्ज्ञ आहेत. शिवाय पुढच्या ठाण्यावर, बर्फात, जहाजावर माणसे मोजकीच असतात. नवा अभ्यासक्रम तपासून पाहायला याहून चांगली जागा नाही. निमलष्करी दलांची आणि रेल्वेची रुग्णालये त्यानंतर यावीत.

मात्र गणवेशाचेही गोडवेच गाऊन चालणार नाही. लग्न केले म्हणून 1988 मध्ये याच सेवेतल्या एका अधिकारी परिचारिकेला काढून टाकले गेले. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये तिला 60 लाख रुपये द्यायला सांगितले. मधली 36 वर्षे तिला कोणी परत देऊ शकले नाही. म्हणून नवे पद निर्माण होताना सेवाशर्ती पहिल्या दिवसापासून लिखित आणि न्याय्य असाव्यात, आणि त्या लिहिणाऱ्या समितीत परिचारिका असावी.

तरुण मुलामुलींना एकच सांगते. पदाची वाट पाहत बसू नका. प्रत्येक केसची नोंद ठेवा: कोणती भूल, कोणती औषधे, कोणती अडचण आली, तुम्ही काय पाहिले, डॉक्टरांना काय सांगितले. रुग्णाचे नाव लिहू नका. उद्या कोणी विचारले की परिचारिका या कामात नेमके काय करते, तर उत्तर तुमच्या वहीत असले पाहिजे.

दुपारच्या सत्रात भूल-परिचर्येच्या स्वतंत्र पदाचा ठराव मांडला जाईल. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, सशस्त्र दलांची वैद्यकीय सेवा आणि महाराष्ट्र शासन या तिघांकडे तो पाठवायचा आहे. भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी त्याला अनुमोदन द्यावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या सहीविना तो पुढे सरकणार नाही.