वेशीवर उभे राहिले, त्यांचं काय?

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत, पासली येथे केलेले भाषण)



कर्जफेडीचा विषय आज लवकर आटोपला, म्हणून अध्यक्षताईंकडून दहा मिनिटं मागून घेतली.

कोरोनाचं नाव काढलं की आता सगळे म्हणतात, "झालं गेलं, सोडा." पण पोलीस, होमगार्ड, आपले पोलीस पाटील, आशाताई यांच्या मनातून ते गेलं का? मार्च २०२० मध्ये आपल्याला सांगितलं घरात बसा, त्यांना सांगितलं बाहेर पडा. राज्यात शेकडो पोलीस या आजाराने गेले. त्यांच्या वारसांसाठी सरकारने ५० लाख जाहीर केले, ते योग्यच. जे वाचले त्यांच्या झोपेचा हिशोब मात्र कुठल्याच वहीत नाही.

पोलीस पाटलांचं बघा. ठाण्यातल्या पोलिसाची बदली होते, पोलीस पाटील गावातच राहतात. मुंबई-पुण्याहून आपलीच पोरं परत आली, त्यांना वेशीवर थांबवायचं, १४ दिवस शाळेत ठेवायचं, हे त्यांच्या गळ्यात आलं. अडवलेला कुणी चुलतभाऊ, कुणी व्याही. काही घरांनी तेव्हा धरलेला अबोला अजून सोडलेला नाही. गावांची नावं घेत नाही, तुम्हाला माहिती आहेत.

एका ताईंचे मिस्टर होमगार्ड आहेत. त्यांना आजार झालाच नाही. पण अँब्युलन्सचा आवाज आला की अजून ताटावरून उठतात. चिडचिड वाढली, रोजचं पिणं सुरू झालं. ताईंना वाटायचं, स्वभावच बिघडला. मोठा धसका बसला की तो कधी कधी महिन्यांनी, वर्षांनीही बाहेर येतो. झोप उडते, तेच तेच डोळ्यापुढे येतं, माणूस घुम्यासारखा बसतो. हे वेड नाही आणि 'बाहेरचं' तर मुळीच नाही. पण म्हणून घरात हात उगारला तर सोसा, असं मी म्हणणार नाही. तिथे गटाने त्या बाईच्या मागे उभं राहायचं.

मग करायचं काय? "एवढं काय मनाला लावून घेता" हे वाक्य आधी बंद. माणूस बोलायला लागला तर बोलू द्या, मध्येच सल्ला नको. टेलि-मानसचा नंबर आहे १४४१६. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. रेंज मिळेल तिथे जाऊन लावा, घरच्या माणसानेही लावला तरी चालतो. जीव द्यायची भाषा कुणी केली तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आशाताई तर आपल्यातल्याच. ऑक्सिमीटर घेऊन दारात आल्या तेव्हा काहींनी कडी लावून घेतली. जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभरातल्या आशांना संप करावा लागला. पैशाचं निदान बोलणं तरी झालं, थकव्याचं कुणी काढलंच नाही.

पुढच्या बैठकीला आशाताई आणि पोलीस पाटील दोघांनाही बोलावलंय. त्या दिवशी सर्व्हे, दाखले, तक्रारी काही विचारायचं नाही. चहा ठेवायचा आणि त्या दिवसांत काय काय झालं ते त्यांना सांगू द्यायचं. ज्या घरांचा अबोला आहे, त्यांनी जरूर यावं.