नाव लिहिण्याआधी



संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत आणि 'कॉम्प्युटरबद्दल बोलायचं नाही' अशी अटही घातली आहे. म्हणून एका पक्ष्याबद्दल बोलते.

आठवीत आपल्या खिडकीबाहेरच्या जास्वंदीवर एक इवलासा पक्षी यायचा. मी वहीत 'हमिंगबर्ड' लिहिलं. शास्त्राच्या बाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, "हा शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेकडे असतात. आधी नीट बघ, मग नाव लिही."

खरा हमिंगबर्ड दिसायला चाळिशी उलटावी लागली. कामानिमित्त पनामाला गेले होते. एका रविवारी कालव्याकाठच्या गाम्बोआ गावात साखरपाण्याच्या टांगलेल्या भांड्यांवर त्यांची झुंबड पाहिली. एकाचं डोकं आणि गळा गडद निळा, मानेमागे पांढरा पट्टा, पोट आणि शेपूट पांढरी. पुस्तकात नाव सापडलं: व्हाइट-नेक्ड जॅकोबिन. मादीचा गळा खवल्याखवल्यांचा असतो, म्हणून मी वहीत लिहिलं, 'नर'.

सोबतच्या वाटाड्याने विचारलं, "कशावरून?"

गाम्बोआतच झालेलं संशोधन 2021 साली प्रसिद्ध झालं. या जातीत पाचातली साधारण एक प्रौढ मादी हुबेहूब नरासारखी दिसते. पिल्लं सगळीच नरासारखी असतात. मोठेपणी बहुतेक माद्यांचा रंग बदलतो, काहींचा तसाच राहतो. अशा मादीला इतर पक्षी कमी टोचतात, कमी हुसकावतात. त्यामुळे तिला जास्त वेळ खायला मिळतं. घरटं आणि पिल्लं मात्र तिने एकटीनेच सांभाळायची.

मी गप्प झाले. पहिल्या नोकरीत टीममध्ये मी एकटीच मुलगी. मीटिंगमध्ये माझं बोलणं अर्ध्यावर तोडायचे. मग मी सैल शर्ट घालू लागले, आवाज खाली आणला, क्रिकेटचे स्कोअर पाठ केले. माझं ऐकू लागले. "तू आमच्यातलाच एक," असं कुणी म्हणालं तेव्हा मला आनंद झाला होता. आज ते सांगताना संकोच वाटतो. पक्षी हे ठरवून करत नाही. मी ठरवून केलं होतं.

आता माझ्या टीममध्ये नव्या मुली येतात. त्यांचं बोलणं कुणी तोडलं, तर "तिचं पुरं होऊ दे," एवढं मी म्हणते. माझ्यासाठी तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं.

बाई, ती वही आज आणली आहे. 'नर' खोडलेलं नाही. पुढे फक्त प्रश्नचिन्ह घातलं आहे. तपासून द्याल?