हिवतापाचा मुकाबला : नियोजन पाड्यातून



१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याला निर्मूलनाचे नाव मिळाले. आणि १९७६ साली देशात ६४ लाख रुग्णांची नोंद झाली. निर्मूलन कागदावरच झाले होते.

ओडिशातील कोरापुटच्या डोंगरांत फ्लुव्हिएटिलिस जातीचा डास संथ वाहत्या ओढ्यांच्या कडेला वाढतो. ते पाणी कोणी बुजवू शकत नाही. फवारलेल्या भिंती सणापूर्वी सारवल्या की औषध झाकले जाते. पिकाच्या राखणीला माणसे माळ्यावर झोपतात, मच्छरदाणी घरीच राहते. पाड्यातील कोणतीही बाई हे सांगेल. तिला विचारलेच जात नाही.

२०१७ साली ओडिशात ‘दमन’ योजनेखाली दुर्गम पाड्यांत शिबिरे भरली. ताप असो वा नसो, रक्त तपासले गेले. लक्षणांविना जंतू बाळगणाऱ्यांवरही उपचार झाले, मच्छरदाण्या वाटल्या गेल्या. २०१८ मध्ये राज्यातील रुग्णसंख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली. या कामाचा भार वाहिला आशा सेविकांनी, ज्यांना सरकार कर्मचारी न मानता ‘स्वयंसेविका’ म्हणते!

तेव्हा शाखांनी पावसाळ्यापूर्वी पाड्याची सभा त्या लोकांच्याच भाषेत घ्यावी. फवारणीची तारीख सारवणानंतरची ठरवावी. माळ्यांसाठी वेगळ्या मच्छरदाण्या मागाव्यात. आरोग्य केंद्रावर मोर्चा नेण्याआधी आशा सेविकेच्या पेटीत तपासणीचे संच आणि गोळ्या किती उरल्या आहेत, ते मोजून घ्यावे; मागणीपत्रात तोच आकडा लिहावा.