रूपावरचा अधिकार: युजर कंट्रोल आणि कस्टम कंट्रोल यांतील निवड

इंटरफेस घडवणाऱ्या विकसकांच्या या परिषदेपुढे विचारार्थ ठेवलेला प्रश्न वरवर किरकोळ वाटतो: पडद्यावरचा एखादा घटक नव्याने बनवायचा झाल्यास तो युजर कंट्रोल म्हणून बनवावा की कस्टम कंट्रोल म्हणून? २००६ साली डॉट नेट ३.० बरोबर आलेल्या आणि विंडोजवरील कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये आजही वापरात असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफमध्ये हा प्रश्न विशेष ठळकपणे समोर येतो, कारण घटकाचे वर्तन आणि त्याचे रूप वेगवेगळे ठेवण्याची सोय तेथे मुळातच आहे.

युजर कंट्रोल म्हणजे तयार घटकांची जुळणी. गाव, तालुका, जिल्हा आणि पिन कोड यांच्या चौकटी एकत्र मांडल्या, मांडणी झॅमल फाइलीत आणि वर्तन तिच्या जोडीच्या कोड-बिहाइंडमध्ये लिहिले, की पत्त्याचा घटक तयार होतो. कस्टम कंट्रोलच्या क्लासमध्ये मात्र केवळ वर्तन असते. त्याचे मूळ रूप 'थीम्स' फोल्डरातील 'जेनेरिक' या झॅमल फाइलीत कंट्रोल टेम्प्लेट म्हणून वेगळे राहते, आणि घटक वापरणारा विकसक मूळ कोडला हात न लावता ते टेम्प्लेट सर्वस्वी बदलू शकतो.

घटक अनेक ठिकाणी वापरायचा असेल तर तो कस्टम कंट्रोलच हवा, हा सर्रास सांगितला जाणारा ठोकताळा पुरेसा नाही. पत्त्याचा घटक वीस पडद्यांवर आला तरी त्याची मांडणी सगळीकडे तीच राहणार असेल, तर युजर कंट्रोलने काहीच अडत नाही. खरी कसोटी रूपावरच्या अधिकाराची आहे. रक्कम भरण्याच्या चौकटीचे उदाहरण घेता येईल: टंकलेले अंक १२,३४,५६७ असे आपल्या पद्धतीने गटवार दाखवणे आणि स्वल्पविराम मध्ये आला तरी कर्सर जागेवरून ढळू न देणे, हे तिचे वर्तन पतसंस्थेच्या आणि दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये सारखेच राहते, पण कडा, रंग आणि रुपयाच्या चिन्हाची जागा प्रत्येक ठिकाणी वेगळी मागितली जाते. असा घटक कस्टम कंट्रोल म्हणूनच बांधावा. आणि अशी मागणी प्रत्यक्ष आलेली नसताना, पुढेमागे येईल या भरवशावर टेम्प्लेटचा पसारा मांडणे हा श्रमांचा अपव्यय आहे.

कारण त्या पसाऱ्याची किंमत मोजावी लागते. टेम्प्लेटमधील ज्या भागांवर वर्तन अवलंबून असते त्यांना 'पार्ट' या उपसर्गाने सुरू होणारी नावे देण्याचा संकेत आहे, परंतु नवे टेम्प्लेट लिहिणारा तो भाग गाळूही शकतो, आणि तेव्हा घटक कोसळू नये याची तजवीज मूळ लेखकानेच करायची असते. युजर कंट्रोलही अगदी निर्धोक नाही: त्याच्या आतच डेटा कॉन्टेक्स्ट, म्हणजे बाइंडिंगने माहिती जिथून घ्यायची तो आधार, स्वतःकडे वळवला, तर वापरणाऱ्याने बाहेरून जोडलेली बाइंडिंग भलत्याच ठिकाणी माहिती शोधू लागतात, आणि ही चूक सापडायला फार वेळ जातो.

सर्वाधिक उपेक्षा होते ती दृष्टिहीन वापरकर्त्यांची. स्क्रीन रीडर घटकाची ओळख ऑटोमेशन पीअर या सोबतच्या क्लासकडून करून घेतो. युजर कंट्रोलमध्ये जोडलेल्या तयार चौकटी आपापला पीअर घेऊनच येतात; 'कंट्रोल' या मूळ क्लासपासून थेट काढलेल्या कस्टम कंट्रोलला मात्र तो लेखकाने लिहून द्यावा लागतो, नाहीतर आतले भाग वाचले गेले तरी संपूर्ण घटक काय आहे हे स्क्रीन रीडरला कळत नाही. म्हणून रकमेची चौकट 'टेक्स्टबॉक्स'पासून काढणे अधिक श्रेयस्कर ठरते, कारण पीअर आणि कळफलकाची हाताळणी या दोन्ही गोष्टी तेथून वारशानेच मिळतात, आणि लेखकाला आपले सारे लक्ष अंकांच्या गटांवर आणि कर्सरवर देता येते.