आखातातले युद्ध आणि आपली संसद
(भनपुरी येथील गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



गणपतीपुढे परराष्ट्र धोरण कशाला, असे काहींना वाटेल. पण लोकमान्यांनी हा उत्सव चौकात आणला तो अशाच विषयांवर चार शब्द बोलता यावेत म्हणून. शिवाय आपल्या मराठी घरांतूनही कुणाचा भाचा कुवेतला, कुणाचा जावई मस्कतला असतो. तिकडे ठिणगी पडली की इकडे जीव टांगणीला लागतो. मग त्या भागात आपले सरकार काय करते, हे त्याला विचारायचे कुणी?

आपल्या घटनेप्रमाणे परदेशाशी करार करायला सरकारला संसदेची आगाऊ संमती लागत नाही. करार अमलात आणायला कायदा हवा असेल तर कलम २५३ खाली संसद तो करते. देशाची भूमी दुसऱ्याला द्यायची झाली तर घटनादुरुस्ती लागते. एरवी खासदारांच्या हाती प्रश्न, चर्चा आणि १९९३ पासून आलेली स्थायी समिती. तिच्या बैठका बंद दाराआड होतात. टाळ्या वाजवायला तिथे कुणी नसते, हे एका परीने बरेच.

एक प्रकरण तर थेट रायपूरचेच. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले. नोव्हेंबरात चंद्रशेखर यांचे सरकार आले आणि परराष्ट्रमंत्री झाले आपले विद्याचरण शुक्ल. जानेवारी १९९१ मध्ये युद्ध पेटले. आखाताकडे जाणाऱ्या अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत आणि इतरत्र इंधन भरू दिले जाते, हे लोकांना कळले ते वर्तमानपत्रांतून. सरकारला बाहेरून टेकू देणाऱ्या काँग्रेसच्या राजीव गांधींनी डोळे वटारले आणि फेब्रुवारीत इंधन बंद झाले. माझ्या मते सरकार नमले ते युक्तिवादाला नव्हे, बेरजेला. काँग्रेसची मते वजा केली तर खुर्चीच उरत नव्हती.

त्यातही गंमत पाहा. पक्षांतरबंदी कायद्याखाली लोकसभाध्यक्ष रवी राय यांनी ११ जानेवारीलाच शुक्लांचे सदस्यत्व रद्द केले होते. ऐन युद्धात आपले परराष्ट्रमंत्री लोकसभेचे सदस्यच नव्हते! फेब्रुवारीत त्यांनी मंत्रिपद सोडले.

बारा वर्षांनी पुन्हा इराक. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने हल्ला केला. दिल्लीत वाजपेयींचे सरकार, लोकसभेच्या अध्यक्षपदी मनोहर जोशी, संसदीय कामकाज सुषमा स्वराज यांच्याकडे. ठराव करायचा यावर एकमत होते, गाडी अडली एका शब्दावर. विरोधकांना कडक शब्द हवा होता, सरकारला सौम्य. अखेर ८ एप्रिलला ठराव हिंदीत मंजूर झाला. त्यात शब्द होता 'निंदा', आणि इंग्रजी तर्जुम्यात त्याहून मवाळ 'डिप्लोअर'. मराठीत निंदा म्हणजे पाठीमागची नालस्ती, हिंदीत मात्र तो तोंडावरचा निषेध. दोन्ही भाषांत संसार करणाऱ्या आपल्याला हा फरक सांगायला नको.

काहींनी याला शब्दांचा खेळ म्हटले. पण पुढे अमेरिकेने इराकसाठी भारतीय सैन्य मागितले, तेव्हा जुलै २००३ मध्ये मंत्रिमंडळाच्या समितीने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाविना जवान पाठवणार नाही असे ठरवले. निर्णय मंत्र्यांचा होता, सभागृहाचा नव्हे. तरी एप्रिलमधला तो एकमुखी ठराव गाठीशी नसता, तर 'नाही' म्हणणे सरकारला फार जड गेले असते, असे मला वाटते.